भेगेतली लोकर

आधी माफी मागतो. लिहिण्याचा मला काही अधिकार आहे असं मला वाटत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहीच्या पुढं काही लिहिलेलं नाही, आणि वडील तर सहीसुद्धा करत नाहीत, अंगठा देतात. डोंगरांवर लिहिणारी माणसं वेगळी असतात. त्यांनी हिमालय पाहिलेला असतो. मी ज्या डोंगराबद्दल लिहिणार आहे तो एसटीच्या खिडकीतून दाखवला तर शेजारचा प्रवासी विचारील, "कुठला?"

शिवाय याच डोंगरावर मी याआधी एकदा लिहिलं आहे, कॉलेजच्या वार्षिक अंकात, दीड पान. त्यातलं शेवटचं वाक्य सगळ्यांना आवडलं होतं. तेच वाक्य खोटं निघालं. आता मी शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेज सुटल्यावर वही आणि वेळ दोन्ही हातात राहतील की नाही माहीत नाही, म्हणून ते आत्ता दुरुस्त करायला बसलो आहे.

आमचं गाव सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर आहे. घर सांगलीत, डोंगर साताऱ्यात. तिकडं महाबळेश्वरला पावसात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही म्हणतात. आमच्याकडं ढग येतात आणि पुढं निघून जातात. जमीन म्हणजे मुरमाड माळ, कुसळं, मधूनच एखादी बाभळ. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारी माणसं. आता जिथं जमेल तिथं बाजरी आणि मटकी करतो. दिवाळी झाली की वडील, आई आणि भाऊ मेंढरं घेऊन पश्चिमेला उसाच्या मुलखात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. मागं राहतात म्हातारी माणसं, शेळ्या, आणि लांब चालू न शकणारी कोकरं. या मागं राहिलेल्यांना सांभाळायचं काम आबांकडं होतं. आबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ.

आबा तिथं टिकत होते ते एका पाण्यावर. डोंगराच्या पूर्वेला तीन मजली घराएवढा कातळकडा आहे आणि त्याला वरपासून खालपर्यंत एकच सरळ भेग गेली आहे. म्हणून त्याला गावात चिरीचा डोंगर म्हणतात. भेगेच्या शेजारी, पायथ्याला, कातळात कोरलेलं एक टाकं आहे. आमच्याकडच्या विहिरी माघातच तळ दाखवतात, पण या टाक्यात गुढीपाडव्यापर्यंत पाणी असायचं, बऱ्या वर्षी त्याच्याही पुढं. ते आटलं की शेळ्या-कोकरांना तिथं ठेवता येत नाही. ते पाणी माझ्या हातून गेलं. हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कुणाला मी लपवलं असं वाटायला नको.

मी सात वर्षांचा असताना मला निवासी शाळेत घातलं. घरातला एक तरी शिकावा असं आबांचंच म्हणणं होतं. त्यामुळं घरी मी सुट्टीपुरताच असायचो. दिवाळीला यायचो तेव्हा मेंढरांची कातरणी उरकलेली असायची आणि लोकरीची गाठोडी बांधलेली असायची. कातरणीची पहिली मूठभर लोकर कधी गाठोड्यात जात नसे. "पयली मूठ डोंगराची," असं आबा म्हणायचे आणि ती धोतराच्या सोग्यात बांधून एकटेच डोंगराकडं जायचे. कुणी कधी त्यांना विचारलं नाही, मीही नाही. देवाला नारळ वाहतात तशी लोकर वाहत असतील असं मी धरून चाललो. पुढं शाळेत अंधश्रद्धेवर निबंध लिहायची वेळ आली तेव्हा मी हेच उदाहरण दिलं. बक्षीसही मिळालं.

बारावीनंतर सांगलीला आलो. विश्रामबागेत कॉलेज आणि जवळच वसतिगृह. खोलीत माझ्याबरोबर रहिमतपूरचा एक मुलगा होता. त्याच्या वडिलांचं किराणा दुकान होतं आणि त्याला कशाचीच भीती वाटत नसे. मी वर्गात तोंड उघडत नसे, कारण उघडलं की 'हाय' आणि 'न्हाई' बाहेर पडायचं आणि मागच्या बाकावर खसखस पिकायची. त्यानंच मला एका रविवारी ओढत गिर्यारोहणाच्या मंडळात नेलं. मिरजेच्या पलीकडं एक बंद पडलेली दगडाची खाण होती, तिथं सराव चालायचा. शिकवणारे दादा दिवसा एका ऑफिसात कारकून होते. सडपातळ, चष्मा, हाताच्या मागच्या बाजूला जुन्या जखमांचे पांढरे डाग.

खाणीत पहिल्या दिवशी मी चपला काढून ठेवल्या आणि वर गेलो. त्यात मला विशेष काही वाटलं नाही, लहानपणी शेळ्यांमागं कातळावरून जावंच लागायचं. वरून पाहिलं तर खाली सगळे सराव सोडून माझ्याकडं बघत होते.

"दादा, हा शेळीच्या दुधावर वाढलाय," रहिमतपूरकर ओरडला. "पडला तरी चार पायांवर पडणार!"

सगळे हसले. मीही हसलो. सांगलीत आल्यापासून माझ्यावर कुणी हसलं आणि मला बरं वाटलं, असं ते पहिल्यांदाच.

दादांनी मला भेगेतली चढाई शिकवली. धरायला कंगोरा नसतो तेव्हा हात उभा भेगेत घालायचा, अंगठा तळव्यात दुमडायचा आणि पंजा आतून फुगवायचा. पंजा अडकतो. मग त्यावर सगळं अंग टाकता येतं. पाऊलही तसंच, आडवं आत घालून पिळायचं. दुखतं. हाताची साल जाते, म्हणून पंजाला चिकटपट्टी गुंडाळतात. "हात भेगेत विसरून जायचा," दादा म्हणायचे. "तो तिथंच आहे यावर विश्वास ठेवायचा." पण त्यांना मनासारखी भेग कुठं मिळत नव्हती. वाईच्या, महाबळेश्वरच्या बाजूला कातळ अर्धं वर्ष ओला आणि भेगा मातीनं, गवतानं भरलेल्या. त्यांना हवी होती उन्हात वाळलेली, एकसंध, हात मावेल एवढी.

"दादा, आमच्या गावाला आहे," मी म्हणालो. कुणी विचारलं नव्हतं.

पुढचे दोन महिने मी मंडळात दुसराच माणूस होतो. लोक मला शोधत यायचे. भेग किती रुंद, ऊन कधी येतं, उतरायला वाट आहे का. मी कागदावर चित्र काढून दाखवायचो. चित्रात टाकंही काढलं होतं.

दादा शिबिराच्या बाबतीत फार कडक होते. कातळात खिळा मारायचा नाही. रंगानं बाण किंवा नावं लिहायची नाहीत. चूल पेटवायची नाही, स्टोव्ह न्यायचा. पाण्याजवळ तंबू नाही, साबण नाही, शौचाला लांब जायचं आणि खड्डा बुजवायचा. केळ्याची सालसुद्धा पिशवीत परत आणायची. निघण्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मला बाजूला घेतलं.

"जमीन कुणाची आहे?"

"गायरान आहे दादा. सरकारी."

"सरकारी म्हणजे कुणाचीच नाही असं नसतं. तिथं कुणीतरी गुरं चारत असेल, पाणी भरत असेल. गावात विचारलंयस का?"

"विचारलंय," मी म्हणालो.

विचारलं नव्हतं. का नाही, ते लिहायला मला अजून जड जातं. आबा नाही म्हणतील ही भीती थोडी होतीच. पण जास्त भीती ते हो म्हणतील याची होती. हो म्हणाले असते तर ते आले असते, मांडी घालून मधोमध बसले असते, प्रत्येकाला कुठला, कुणाचा ते विचारलं असतं, मी लहानपणी मेंढीला आई म्हणायचो ते सांगितलं असतं. दोन महिन्यांत जे थोडंसं मिळालं होतं ते मला तसं घालवायचं नव्हतं.

जानेवारीत आम्ही सातजण निघालो. विट्याला गाडी बदलली, फाट्यावर उतरलो आणि गाव टाळून माळावरून डोंगराकडं गेलो. गाव टाळायची वाट मीच दाखवली. जवळची आहे म्हणालो.

दादांनी भेग पाहिली. मग चष्मा काढून पुसला. "इतकी वर्षं ही इथं होती," एवढंच म्हणाले. मला असं वाटलं जणू मीच ती चिरली आहे.

तंबू आम्ही टाक्यापासून लांब, बाभळीपलीकडं लावले. पाणी टाक्यात हात न बुडवता दोरीच्या डब्यानं काढायचं ठरलं. हे सगळं माझ्या गावात, माझ्या डोंगरावर, इतक्या आदरानं चाललेलं पाहून मला अभिमान वाटत होता. आमच्याकडची पोरं त्याच टाक्यात उड्या मारतात हे मी कुणाला सांगितलं नाही.

दादा मागच्या बाजूनं वर गेले, माथ्यावरच्या खडकाला दोर बांधून खाली आले. दोराचं एक टोक माझ्या कंबरेला, दुसरं त्यांच्या हातात. "तुझा डोंगर," ते म्हणाले. "पहिला तू."

पहिला टप्पा सहज गेला. हात आत घातला की अडकत होता, दगड कोरडा आणि खरबरीत. दोन पुरुष उंचीवर भेग बंद झाली. म्हणजे भेग होती, पण तिच्यात चपटे दगड एकावर एक ठोकून बसवलेले होते, हातभर उंचीत. मधे चिकणमाती, वाळून सिमेंटसारखी झालेली. दगडांच्या फटीतून काहीतरी मळकट पांढरं डोकावत होतं. मी ओढलं. बोटभर लोकर हातात आली.

"काय आहे रे?" दादांनी खालून विचारलं.

"लोकर."

"आयला!" रहिमतपूरकर म्हणाला. "तुझ्याआधी मेंढी चढून गेलीय! पहिल्या चढाईचा मान गेला तुझा!"

खाली हशा पिकला. मी दोरावर टेकून ती लोकर बघत होतो. ती जुनी नव्हती. तिला अजून तेलकट वास होता, आमच्या घरातल्या गाठोड्यांचा असतो तो. पहिली मूठ डोंगराची. मला आठवलं. मला त्याच क्षणी आठवलं, हे मी इथं स्पष्ट लिहितो, कारण नंतर मी स्वतःला कितीतरी वेळा सांगून पाहिलं की आठवलं नव्हतं.

दादांचा आवाज बदलला. "ऐक. तुमच्या लोकांचं काही देवाचं असेल तर राहू दे. आपण शेजारून बघू जमतंय का. नाही जमलं तर परत जाऊ."

शेजारून जमणार नव्हतं. शेजारी सपाट कातळ होता. सहाजण मान वर करून माझ्याकडं बघत होते.

"नाही दादा," मी म्हणालो. "आमच्यात आता हे कुणी मानत नाही."

तंबूची लोखंडी खुंटी वर मागवून घेतली आणि मी ते दगड काढले. सोपं नव्हतं. ज्यानं बसवले होते त्यानं वर्षानुवर्षं बसवले होते; एक निघाला की मागं दुसरा, त्याच्या मागं माती, मातीत लोकर कालवलेली. तासभर लागला असेल. दगड खाली टाकण्याआधी मी दरवेळी 'दगड!' असं ओरडत होतो, शिकवलं होतं तसं. अगदी आतला शेवटचा दगड निघाला तेव्हा मनगटावर गार पाणी आलं. जरासंच. मग ते आत वळलं आणि कातळाच्या पोटात कुठंतरी बारीक आवाज करत खाली जात राहिलं. भेग मोकळी झाली याचा मला आनंद झाला.

वरचा टप्पा मी कसा चढलो ते वार्षिक अंकात लिहिलं आहे, पुन्हा लिहीत नाही. माथ्यावर वारा होता. गाव दिसत होतं, आमचं पत्र्याचं छप्पर, कुंपणाबाहेर शेळ्यांचे ठिपके आणि त्यांच्यात एक माणूस, पांढरा फेटा. मी हात हलवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फेटा आमच्या तंबूंकडं चालत आला. आबांच्या एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात दुधाची किटली होती. आम्ही सामान आवरत होतो. सगळे वाकून जमिनीवरच्या काड्या, कागदाचे कपटे वेचत होते.

"काय हरपलं रं पोरांनो?" आबांनी विचारलं.

"काही नाही आजोबा, कचरा उचलतोय," दादा म्हणाले. "जागा होती तशी ठेवून जायची."

"आं? काड्यापेटीची काडीबी?" आबांना खरंच गंमत वाटली. "आमच्या घरातबी एवडं कुनी झाडत न्हाई. लय चांगली रीत हाय. बसा, दूद आनलंय. पाव्हन्यांनी गावात यून घरला न येता जायचं, ह्ये कसं?" मग माझ्याकडं बघून, "ह्येला लाज वाटली आसंल म्हाताऱ्याची. शिकल्याला हाय."

सगळे हसले. मी जमिनीकडं पाहिलं. रहिमतपूरकरानं स्टोव्ह पेटवला, चहा ठेवला. आबा मांडी घालून मधोमध बसले आणि त्यांनी प्रत्येकाला कुठला, कुणाचा ते विचारलं. मेंढीला आई म्हणायचो तेही सांगितलं. त्यात वाईट काहीच झालं नाही. दादा तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

कप घ्यायला मी हात पुढं केला तेव्हा आबांनी तो धरला.

"साल कशानं गेली रं?"

"चढलो आबा. चिरीतनं."

"कुटवर?"

"वरपर्यंत."

त्यांनी माझा हात सोडला नाही. वर कड्याकडं पाहिलं. सकाळचं ऊन भेगेवर पडलं होतं आणि ती तळापासून माथ्यापर्यंत काळी, मोकळी दिसत होती. खाली काढलेले दगड मी नीट रचून ठेवले होते. जागा स्वच्छ राहावी म्हणून.

"मदली दगडं?" ते अगदी हळू म्हणाले.

"काढली."

सहाजण चहा पीत होते. दूध आबांचं होतं. त्यांनी माझा हात उलटा करून तळवा पाहिला, पुन्हा सुलटा केला आणि सोडून दिला.

"बरं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "परीक्षा कवा हाय?"

"एप्रिलात."

"आभ्यास कर." मग ते उठले, दादांना नमस्कार केला. "परत या," असंही म्हणाले. जाताना टाक्याजवळ थांबले, काठी पाण्यात उभी धरली, बाहेर काढून ओला भाग पाहिला आणि घराकडं गेले.

त्या दिवशी मला जे कळलं नव्हतं ते आता सांगतो. डोंगराच्या माथ्यावर खोलगट जागा आहे. पावसाचं पाणी तिथं मुरतं आणि महिनोन्‌महिने त्या भेगेतून थेंबाथेंबानं खाली येतं. पण अर्ध्यावर भेग आत वळते, आणि पाणीही तिच्याबरोबर डोंगराच्या पोटात जातं. म्हणून कुणा पूर्वजानं तिथं दगड ठोकले, बाहेरच्या अंगाला कातळात बोटभर रुंदीची तिरपी खाच कोरली आणि ते पाणी टाक्यात वळवलं. दगडांमधल्या फटी बुजवायला चिकणमाती आणि लोकर, कारण नुसती माती वाळली की तडकते. लोकर कुजते, म्हणून दरवर्षी नवी. पहिली मूठ, कारण ती आधीच बाजूला काढली की बाकीच्या कामाच्या गडबडीत विसरत नाही. त्यात देव कुठंच नव्हता. मी बक्षीस मिळवलेला निबंध आठवतो तेव्हा माझे कान गरम होतात. घरात कुणालाही विचारलं असतं तर दोन वाक्यांत सांगितलं असतं. पण मी शिकायला बाहेर होतो, आणि जे घरी होते त्यांना वाटत होतं की एवढं तर याला ठाऊक असणारच.

सांगलीला परतल्यावर मी वार्षिक अंकासाठी लेख लिहिला. दादांनी तो वाचून एक शब्दही बदलला नाही. शेवटचं वाक्य होतं: 'आम्ही आलो होतो याची एकही खूण मागं न ठेवता, डोंगर जसा होता तसाच सोडून आम्ही परतलो.' मराठीच्या सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. मागचा बाक गप्प होता.

आबा महिन्याला एक कार्ड पाठवायचे, पोस्टमनकडून लिहून घेऊन. मजकूर ठरलेला: शेळ्या बऱ्या आहेत, कोकरं बरी आहेत, अभ्यास कर. फेब्रुवारीच्या कार्डात एक वाक्य जास्त होतं. 'पाणी आहे.' याआधी त्यांनी पाण्याबद्दल कधी लिहिलं नव्हतं. मी ते वाक्य दोन-तीनदा वाचलं आणि कार्ड उशीखाली ठेवलं. मार्चमध्ये कार्ड आलं नाही. परीक्षेच्या गडबडीत माझ्या लक्षात आलं नाही, असं मी आईला नंतर सांगितलं. लक्षात आलं होतं. घरी जाऊन यावं असंही एकदा वाटलं. पण आबांचं 'बरं' मला ऐकू यायचं आणि मी पुन्हा पुस्तक उघडायचो. ते मला अभ्यास कर म्हणाले होते, मी तेच करत होतो.

शेवटचा पेपर देऊन दुपारी वसतिगृहावर आलो तर फाटकाशी मामा उभा होता. माझ्या आईचा भाऊ, फौजेत आहे, सुट्टीवर आला होता. उन्हात उभा राहून त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. याचा अर्थ तो बराच वेळ तिथं होता.

"पेपर झालं न्हवं समदं?" त्यानं आधी विचारलं.

"झालं मामा. काय झालं?"

"येकबी राह्यला न्हाई? प्रॅक्टिकल बिक्टिकल?"

"नाही. काय झालंय?"

तो भिंतीच्या सावलीत बसला आणि मलाही बसवलं. मग सरळ सांगितलं, फौजेत सांगत असतील तसं. टाकं माघातच तळाला गेलं. आबांनी शेळ्या पाहुण्यांकडं पाठवल्या, कोकरं दुसऱ्या कळपात दिली. पुढच्या वर्षी तरी पाणी धरावं म्हणून ते शिडी आणि माती घेऊन एकटेच चिरीत दगड बसवायला गेले. घोंगडं उसवून त्याची लोकर काढून नेली होती, कातरणीची काही उरली नव्हती. दोन पुरुष उंचीवरून खाली आले. मांडीचं हाड खुब्यातून मोडलं. दुसऱ्या दिवशी शेळ्या राखणाऱ्या कुणाला तरी ते दिसले.

"आता कुठं आहेत?"

"आता घरला. खाटंवर. चालायचं काय खरं न्हाई." मामानं रुमालानं मान पुसली. "तीन हप्तं दवाखान्यात हुतं."

"कुठल्या दवाखान्यात?"

तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "मिरजंच्या."

विश्रामबागेतून मिरजेला सिटी बस जाते. त्या तीन आठवड्यांत मी दोनदा मिरजेला गेलो होतो, एकदा जुनी पुस्तकं बघायला आणि एकदा रहिमतपूरकराबरोबर सिनेमाला.

"मला का नाही सांगितलं?"

"त्यांनीच बंदी घातली हुती. समद्यांना. पेपर हायत, त्येला कळवायचं न्हाई म्हनले. तुझी आई मेंढरं सोडून आली, थितं बाकड्यावर बसून हुती, पर तुझ्याकडं याचं धाडस केलं न्हाई तिनं." त्यानं रुमालाची घडी केली. "आन तुझा बा म्हनतोय, पावसाळ्यात मेंढरं हिकडं आनायची न्हाईत. तिकडंच नदीकडंला ऱ्हायाचं. पानी न्हाई तर काय करायचं हिकडं यून?"

मी म्हणालो, "मामा, ते दगड..."

"गप." त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हात जड होता. "गावात समदं इच्यारत हुतं, दगडं निघाली कशी. आबांनी सांगितलंय, वांदरांनी काढली. बापालाबी तसंच सांगितलंय तुझ्या. मला येकट्याला खरं सांगितलं, आन तुला निरोप दिलाय. कुनी इच्यारलं तर तूबी तसंच सांग."